गोदाम मोठं, गादी लहान

मंडळी, आज दुपारी आमच्या डिंडोलीच्या घरातल्या कॉम्प्युटरची रॅम सोळाची बत्तीस एमबी झाली. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही!

माझी बायको सुनंदा साड्यांची डिझाइनं काढते. काठ आणि पदर एकत्र उघडले की मशीन घुरघुरत बसायचं, आणि आज संध्याकाळी व्यापाऱ्याला डिझाइन द्यायचंच होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे जिग्नेशभाई रॅम घेऊन आले, तर ही जुनी डिझाइनं पुसायला बसलेली.

"नवी मेमरी भरायच्या आधी जुनी रिकामी नको करायला?"

"रेहवा दो, भाभी!" जिग्नेशभाई ओरडले. "वो तो हार्ड डिस्क है. मेमरी अलग!"

सुनंदाचा हात थांबला. "म्हणजे माल गोदामात आहे, पण दुकानातली गादी लहान. एक साडी उलगडायची तर दुसरीची घडी घालावी लागते!"

"बस, ए ज! बिलकुल यही!"

रॅम बसली. काठ, पदर, बुट्टे सगळं एकदम उघडलं. तिने रंग बदलला आणि तो लगेच बदलला! "अगंबाई," म्हणत तिने उगाचच आणखी चार रंग बदलून पाहिले.

डिझाइन वेळेत गेलं. जुनी सगळी शाबूत आहेत.

तुमचंही मशीन रखडतंय? मग काही पुसण्याआधी बघा: गोदाम भरलंय, की गादीच लहान आहे?