सही त्याची, अक्षर माझं

फाटक तो खांद्यानं ढकलायचा. आत आला की डावा हात वर करायचा. "काय काम शे, अक्का? माले बठ्ठं जमस." बठ्ठं म्हणजे सगळं.

मुलांनो, तुम्ही जळगावला आलात तेव्हा शेवग्यावर चढून शेंगा काढून देणारा एका हाताचा माणूस आठवतो? तोच. उजवा हात कोपरापासून डाळ मिलच्या पट्ट्यात गेला होता. सुतळीची गाठ दातांनी मारायचा, ती मला दोन हातांनी सुटायची नाही. "कात्री लई या, अक्का," म्हणून हसायचा.

त्याला त्याच मिलच्या फाटकावर राखणदारी हवी होती. तीनदा गेला. मालक दोनदा "बघू" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "चोर आला तर एका हातानं काय करशील?" मालकांची नक्कल तो इतकी छान करायचा की मला हसू आलं. मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोनं अपंगांच्या पेन्शनचा अर्ज आणून ठेवला होता. चार महिने तो टीव्हीमागे पडून राहिला. "मी कोनाच कामना नही, आसं लिखीसन देऊ का?" तो मला विचारायचा.

दिवाळीनंतर बायको कापूस वेचताना चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन तो माझ्या दारात.

मी नेहमीसारखा नीटनेटका भरला. 'मला कोणतेही काम करता येत नाही', हे वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अक्षर भारी शे तुमनं." मग डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, सही केली.

पेन्शन मंजूर झाली. त्याच आठवड्यात तो शेवग्यावर असताना शेजारचे नाना कुंपणावरून म्हणाले, "काय रे पेन्शनवाल्या! सरकारला दाखवायला हात नाही, अन् अक्काच्या झाडावर चढायला आहे? कळवू का कचेरीत?"

थट्टाच असावी. पण मी खालून म्हणाले, "उतरा, भाऊ. आपण लिहून दिलंय. आता माझ्याकडे काम करणं बरं दिसत नाही."

'आपण' म्हणाले मी. सही त्याची होती.

तो उतरला. "मंग दिवसभर करू काय, अक्का?"

मी चहा दिला. तो कप विसळायला उठला, तेही मी करू दिलं नाही. त्यानंतर तो आला नाही. आपलं काही चुकलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस बजावलं. तुमच्या इंग्रजीतूनसुद्धा बजावलं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्याच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता. बायको नळावरून पाण्यानं भरलेला ड्रम ओढत आणत होती, पाणी तिच्या पायांवर हिंदकळत होतं. तो अर्धवट उठला. नळावर आणखी दोन बायका उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून तो परत बसला आणि डावा हात मांडीखाली दाबून धरला.