आप्पांचं हेल्मेट

"नाम्या, तुझं हेल्मेट दे हिला. घरातलंच तर आहे."

मॅनेजर असं म्हणाला आणि सगळा वर्ग हसला. आप्पाही हसले. माझे वडील.

सातपूरच्या त्या कारखान्यात आमच्या कॉलेजची व्हिजिट होती. मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. आप्पा तिथेच ठेकेदाराकडे हेल्पर. मॅनेजर त्यांच्या मुलाच्या वयाचा, पण नामदेवचं नाम्या करायला त्याला कधी जड गेलं नाही. दारातच त्यानं सुरक्षेवर लांबलचक भाषण ठोकलं. हेल्मेटशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मग पेटीतून एकेकाला पाहुण्यांचं पांढरं हेल्मेट देत आला आणि माझ्यापाशी थांबला.

"ही आपल्या नाम्याची ना? हिला कसली व्हिजिट! येत्या सोमवारपासून येतेच आहे लाइनवर."

खरं होतं ते. कॉलेज सोडून अप्रेंटिस व्हायचं हे मीच ठरवलं होतं. आप्पांना साहेबाकडे शब्द टाकायला मीच सांगितलं होतं. आईची कंबर गेलेली, तिची धुणीभांडी सुटलेली, घर एकट्या आप्पांवर. पण वर्गात मी कुणाला बोलले नव्हते. त्यानं ते सगळ्यांसमोर उघडं केलं. आमचे सर म्हणाले, "घाल गं, उशीर होतोय."

दाराशीच उभ्या आप्पांनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. पिवळं, कामगारांचं. आत घाम. अजून गरम. मी घातलं. काय करणार?

फेरी सुरू झाली. मॅनेजर मशिनं दाखवत होता आणि मी आप्पांना शोधत होते. ते दिसले. भंगाराची ट्रॉली ढकलत होते. वरून क्रेननं भलामोठा साचा चालला होता आणि खाली त्यांचं उघडं डोकं. विरळ केस, घामानं चिकटलेले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

रांग सोडली. आप्पांच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं, हनुवटीखाली पट्टा लावला. मग मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिले.

"सर, मला पांढरं द्या. पेटीत उरलीत. मी बघितलीत."

"ट्रेनीला एवढा ताठा?"

"मी ट्रेनी नाही. सोमवारी मी येणार नाही. आणि त्यांचं नाव नामदेव आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. पांढरं काही मिळालं नाही. सरांनी मला गेटबाहेर बसवलं.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांना भट्टीवर टाकलं. घरी आले ते हाताला फोड घेऊन. आई मला नाही नाही ते बोलली. काही दिवसांनी एका सकाळी डबा उचलताना आप्पा म्हणाले, "जागा आजून हाय म्हणतो साहेब. माफी मागितली तं घील तुला. मलाबी भट्टीवरून काढील."

त्यांच्या हाताकडे मला बघवेना. वाटलं, जावं. पाय धरावेत. संपवावं एकदाचं.

"नाही आप्पा."

त्यांनी खुंटीवरचं हेल्मेट घेतलं आणि भट्टीवर गेले. मी कॉलेजला गेले.

आता संध्याकाळी मी मेडिकलच्या काउंटरवर उभी राहते. मशिनवर उभं राहायचीही मला लाज नाही. पण बापाचं डोकं उघडं पाडून मिळणारी जागा मला नको. डिप्लोमा पुरा करणार. माफी मागणार नाही. मागायचीच असेल तर त्या मॅनेजरनं मागावी, आप्पांसमोर उभं राहून, त्यांचं पूर्ण नाव घेऊन.