पाटावरचा मोबाईल

दसऱ्याला आई घरातली हत्यारं पाटावर मांडते. यंदा विळी, कात्री आणि पान्याशेजारी तिने माझा मोबाईलही ठेवला. "पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नाही," ती म्हणाली.

दुपार लांबत गेली. झेंडूच्या पाकळ्यांखाली स्क्रीन पाण्याखालच्या दिव्यासारखी मधूनच उजळायची आणि विझायची. विळीविना आईचे हात मांडीत निवांत पडले होते. माझा अंगठा मात्र रिकाम्या तळव्यावर आपला सरकतच होता, झोपेत कुणी बोलावं तसा.

संध्याकाळी राहवेना, म्हणून पाटावर वाकलो. काळ्या काचेत माझा चेहरा दिसला. आईने मोबाईलला लावलेलं कुंकू नेमकं माझ्या कपाळावर आलं होतं.

आज हत्यार म्हणून पूजा नेमकी कुणाची झाली, मोबाईलची की माझी?