आक्काच्या बागेतलं दव

पानांवरच्या पाण्याच्या थेंबांचे फोटो काढायचं वेड मला चाळिशीनंतर लागलं. जवळून फोटो काढायची लेन्स घेतली आणि कराडच्या आमच्या गॅलरीतल्या कुंड्या, कॉलनीतली कर्दळ, सगळ्यांचा पिच्छा पुरवला. पानावर स्प्रेनं पाणी मारून फोटो काढणारेही असतात. मला ते पटत नाही. थेंब आपला आपण पडलेला हवा. मी याला तत्त्व म्हणतो, बायको हट्ट म्हणते.

म्हणून एका थंडीत दवाच्या शोधात थोरल्या बहिणीकडे कुंडलला गेलो. आक्काची तिथं द्राक्षबाग आहे. दाजी फौजेतून निवृत्त होऊन पुण्यात नोकरीला लागले, त्यामुळे बाग तीच बघते. मी गेलो तेव्हा बाग फुलोऱ्यात होती.

संध्याकाळी चुलीपाशी बसून मी उत्साहानं म्हणालो, "आक्का, उद्या दव भरपूर पडू दे बघ."

भाकरी थापायची थांबून तिनं माझ्याकडं बघितलं. "तुझ्या तोंडाला काय हाड हाय का न्हाई? गेल्या साली दवानंच दावण्या आला. समदा फुलोरा गेला, आन् तू दव माग!"

दावण्या म्हणजे द्राक्षाची बुरशी. पानं, घड फार वेळ ओले राहिले की ती पसरते. आदल्या साली तिच्या बागेतला एक घड धड हाती आला नव्हता. यंदाही तसंच झालं तर बाग काढून टाकायची, असं तिनं ठरवलं होतं. मला हे माहीत होतं, पण डोक्यात थेंब बसले होते.

पहाटे दव सपाटून पडलं. उजाडताना बागेत शिरलो तर पानापानाच्या कडेला थेंब. मी हरखून गेलो. पलीकडच्या टोकाकडून आक्का मांडवाच्या तारा हलवत, वेलींवरचं पाणी झाडत येत होती. जीव माझाही तुटत होता आणि तिचाही. कारणं तेवढी वेगळी होती.

मी घाईनं शेवटच्या ओळीत गुडघे टेकले. एका पानाच्या टोकाला थेंब लोंबत होता. श्वास रोखून फोकस लावला. थेंबात पलीकडचं सगळं उलटं दिसतं, हे मला नवं नव्हतं. पण त्या उलट्या बागेत आक्का होती, तांदळाच्या कणीएवढी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. ओळीच्या तोंडाशी ती तारेवर हात ठेवून थांबली होती.

"काढ बाबा लवकर," ती म्हणाली. "मी थांबती."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी फोटो काढून मोकळा झालो असतो. त्याच पानाखाली कोवळा घड होता आणि त्याच्या फुलोऱ्यातही पाणी साचलं होतं. मी बटणावरचं बोट काढलं, उठलो आणि तार धरून गदागदा हलवली. सगळं गार पाणी माझ्या मानेवर आलं.

"काढलास का?"

"नाही. ही ओळ मी करतो, तू पुढची धर."

"येडा हायस," ती म्हणाली आणि पुढच्या ओळीत शिरली.

बाग फुलोऱ्यातून बाहेर पडेपर्यंत मी तिथंच राहिलो आणि रोज सकाळी तारा हलवल्या. कॅमेरा बॅगेतच राहिला. रोज एवढे देखणे थेंब स्वतःच्या हातानं मातीत पाडताना चिडचिड व्हायची, खोटं कशाला सांगू!

द्राक्षं तोडायच्या दिवसांत आक्कानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. परसातलं अळूचं पान, हललेलं, कोपऱ्यात तिचाच अंगठा. मधे एक पांढरा ठिपका होता, तो थेंब असावा. खाली तिनं आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता.

"बाग वाचली रं. आजपासनं तोडणी हाय. आन् ह्यो थेंब तुझ्यासाठनं. ह्यो मी झाडला न्हाई."