चुनखडीवरचं लिंबू

आजवर कोणाला सांगितलं नाही. भूगोलाच्या ज्या धड्यासाठी शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली, तो धडा माझा नव्हता.

खुर्सीपारला माझ्या शेजारी राहणारा एक मजूर नव्या पोलाद कारखान्यात चुनखडीच्या रेल्वे वाघिणी रिकाम्या करायचा. दगड हातात आला की आधी तळहातावर तोलायचा, मग हुंगायचा. मुलांच्या उजळणीसाठी मी ओसरीवर मांडलेले खडक पाहून तो हसला, त्यातला एक उचलला.

"गुरुजी, हे चुनखडी नाही, डोलोमाइट होय, दिसते तसाच. लिंबू पिळून पाहा न! फसफसलं त चुनखडी."

डब्यातलं स्वतःचं लिंबू त्यानं माझ्या हातावर ठेवलं.

तपासणीच्या दिवशी वर्गात चुनखडी फसफसली, मुलं आनंदानं ओरडली. साहेबांनी विचारलं, "कल्पना कोणाची?"

"माझीच," मी म्हणालो. आणखी दगड घेऊन तो मजूर तेव्हा वर्गाच्या दारातच उभा होता.

संध्याकाळी तो ओसरीवर आला, तरी मी मान वर करेना. तोच म्हणाला, "काहून तोंड पाडून बसले, गुरुजी? पोरं शिकून राहिले न, मंग झालं!" आणि मनापासून हसला.

तो धडा मी दरवर्षी घेतो, आनंदानं घेतो. तो कोणाचा, हे मुलांना सांगायचं अजून राहिलं आहे.