दगडआजोबा आणि सुयिनचा हत्ती

पेंगहू द्वीपसमूहातल्या त्या टीचभर बेटावर कुणाला सुयिनबद्दल विचारलं, तर दोन गोष्टी हमखास कळत. एक, तिच्या हातची वाळवलेली मासळी कधी खवट लागत नाही. दुसरी, ही बाई रोज सकाळी उठून समुद्राच्या खोड्या काढते.

खोड्या फोनवर. गावाचा एक ग्रुप आहे. बेटावर उरलेली माणसं मूठभर, बाकीची पोटापाण्यासाठी समुद्रापलीकडच्या काओश्युंग शहरात गेलेली. पण ग्रुपमध्ये अख्खं गाव नांदतं. म्हातारी मंडळी उजाडताच कमळाच्या चित्रावर 'सुप्रभात, तब्येत सांभाळा' असं लिहून एकमेकांना पाठवतात. सुयिनही तेच पाठवायची. मग ग्रामकेंद्रातल्या वर्गात तिला एका फोटोतली वस्तू कापून दुसऱ्या फोटोत बसवायला शिकवलं, आणि बाई जी सुटली ती सुटलीच.

हात मूळचाच तयार होता. तरुणपणी ती काओश्युंगला देवांचे झगे शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. जरीचा ड्रॅगन कडेकडेने कापून दुसऱ्या कापडावर असा बसवायचा की टाका दिसता कामा नये, हे बोटांना पाठ होतं. आता कापडाच्या जागी तिने बेटाचा उत्तर किनारा घेतला. तिथे वर्षाचे बारा महिने चिटपाखरू फिरकत नाही. त्या ओसाड वाळूत सुयिनने घराएवढी फुलं फुलवली. दोरीवर मासळीच्या रांगेत एक देवमासा वाळत घातला. फेरीबोट माकुलाच्या शेवयांच्या वाडग्यात तरंगत ठेवली. पाहणाऱ्याने आ वासावा असं काम.

"मासळी जळतेय आणि तू देवमाशाला चिमटे लावत बस," नवरा थ्येनफू म्हणायचा.

"चिमटे दिसतात का?"

तो चष्मा वर करून बघायचा. "नाही दिसत," म्हणायचा, आणि मासळी उलटवायला स्वतःच जायचा.

हत्ती आला तो ऐन हिवाळ्यात. भरतीच्या पाण्यात चारही पाय रोवून, सोंडेने लाटा उडवणारा हत्ती. सगळं झकास जमलं, फक्त पोटाखाली एक काळं काहीतरी चामखिळीसारखं उठून दिसत होतं. सुयिनने बोटाने घासून ते पुसलं, वर 'सुप्रभात' लिहिलं आणि पाठवून दिलं. काओश्युंगकर हसून हसून बेजार झाले. सुयिन खूश होऊन मासळीकडे वळली.

दुपारी दारात लुआन आ-मा उभी. आ-मा म्हणजे आजी; लुआन सगळ्या गावाचीच आजी. पाठीचं धनुष्य झालेलं, हातात काठी, आणि बाहेर उत्तरेचा वारा असा की धडधाकट माणूस तिरका चालेल. तिचा मुलगा हाइशुन आदल्या दिवशी होडी घेऊन गेला होता तो अजून परतला नव्हता. बंदरावरून वायरलेसवर हाका घालून झाल्या होत्या. उत्तर नव्हतं.

"दगडआजोबांना कुठे ठेवलंस?" आ-मा म्हणाली.

सुयिनला आधी कळेचना. मग एकदम लक्षात आलं. उत्तर किनाऱ्यावर छातीएवढा काळा दगड आहे, कमरेला लाल फडकं बांधलेला. गाव त्याला दगडआजोबा म्हणतं. समुद्रावरून येईल ते वाईट आधी त्याने अंगावर घ्यायचं, मग उरलंसुरलं गावाने, असा जुना करार. तिने पुसलेली चामखीळ म्हणजे तेच.

"आ-मा, ते नुसतं चित्र आहे गं. दगड जिथल्या तिथे आहे."

"चित्र सगळ्या गावाने बघितलं ना? त्यात आजोबा नाहीत. माझं पोर बाहेर आहे आणि तू दार सताड उघडून ठेवलंस. लाव ते परत."

थ्येनफू समजुतीने म्हणाला, "हाइशुन पोर कसला, नातवंडं आहेत त्याला. कुठल्यातरी बेटाच्या आडोशाला नांगर टाकून झोपला असेल."

"तू गप रे. तुझं पोर शहरात एसीत बसलंय."

सुयिनने फोन उघडला आणि कपाळाला हात लावला. फोनमध्ये जागा उरत नाही म्हणून ती मूळ फोटो काढून टाकायची. राहिलेल्या चित्रांत आजोबांच्या पुढ्यात कुठे फूल होतं, कुठे वाडगा. "ग्रुपमध्ये कुणाकडे तरी जुना फोटो असेल," ती म्हणाली.

"जुना नको. आजचा पाहिजे. आज जे वारा खातायत, ते आजोबा पाहिजेत." आ-माने खिशातून नवं लाल फडकं काढून तिच्या हातात कोंबलं. "आणि हे बांध. जुनं विटलंय."

नाही कोण म्हणणार? सुयिन नवऱ्याचा जाड रेनकोट चढवून निघाली. वाळू गालांवर सुयांसारखी टोचत होती. मनात ती स्वतःलाच शिव्या देत होती. देवांच्या झग्याचा एक टाका चुकला तर मालकीण अख्खी बाही उसवायला लावायची, आणि इथे आपण देवालाच पुसलं, तेही हत्तीच्या पोटाला शोभा यावी म्हणून.

लाटा आजोबांच्या पायाशी येऊन फुटत होत्या. वाकून, जवळजवळ रांगत ती दगडाच्या मागे पोहोचली, आणि एकदम सगळं थांबलं.

वारा नव्हता. दोन्ही बाजूंनी वाळूचे लोट चालले होते, वरून पाण्याचा फवारा उडत होता, आणि मधे या म्हाताऱ्या दगडाच्या पाठीशी एका माणसापुरती शांत जागा होती. सुयिनने रेनकोटची टोपी मागे सारली. तिचा एक केसही हलला नाही. इतकी वर्षं इथे राहून, याच किनाऱ्यात हत्ती-मासे सोडून, ती या जागी कधी उभीच राहिली नव्हती. तिला हुंदका आला. भीतीचा नव्हे, एवढं मोठं काहीतरी इतक्या साधेपणाने आपल्यापुढे उभं आहे, याचा.

तिने फडकं बांधलं. हात जोडले, चुकले म्हणाली. मग बाजूला येऊन, वाऱ्याचे फटके खात फोटो काढला.

घरी येऊन तिने हत्ती पुसून टाकला. नवे आजोबा बसवताना फडक्याची फडफडती कडासुद्धा सोडली नाही. आ-मा शेजारी बसून होती. चहा निवून गेला तरी तिने हात लावला नाही. दिवेलागणीला सुयिनने चित्र पाठवलं. खाली काहीच लिहिलं नाही.

काओश्युंगहून उत्तरं येऊ लागली. सकाळी दात काढणारी हीच माणसं, पण कुणी थट्टा केली नाही. कुणी गोदीवर असेल, कुणी दुकानात, कुणी नातवाला भरवत; एकामागून एक सगळ्यांनी नुसते हात जोडले. फोनचा पडदा जोडलेल्या हातांनी भरून वर सरकत राहिला. सुयिन आणि थ्येनफू थक्क होऊन बघत बसले. बेट सोडून गेलेलं आपलं गाव वाऱ्यात आजोबांमागे येऊन उभं राहिलंय, असं सुयिनला वाटलं आणि ते तिने नवऱ्याला बोलूनही दाखवलं. तो नाक शिंकरायला उठला.

त्या हातांच्या खाली मग हाइशुनचं नाव उमटलं. "वायरलेस बिघडला. पलीकडच्या बंदरात आत्ता पोहोचलो, आत्ताच रेंज आली. आईला सांगा जेवलो. फडकं नवं दिसतंय."

सुयिनने ते मोठ्याने वाचलं. आ-माने पुन्हा वाचायला लावलं. मग निवलेला चहा एका दमात पिऊन टाकला आणि डोळे बारीक करून फोनमध्ये पाहिलं.

"हत्ती कुठाय?"

"काढला गं. पुन्हा नाही करणार."

"का? त्याने काय घोडं मारलं कुणाचं? आण त्याला परत." तिने काठीच्या मुठीवरचं बोट उचलून चित्रातल्या दगडाच्या पाठीमागची जागा दाखवली. "इथे बसव. इथे वारा लागत नाही."

सुयिनने फोनवरून मान वर केली. "तुला कसं माहीत?"

"आधी हाइशुनचा बाप जायचा समुद्रावर, मग हा," लुआन आ-मा म्हणाली. "मी आणखी कुठे उभी राहणार होते?"