अंगठ्याचं काम बोटाला

दुकान बंद केलं की खुर्च्या विकता येतात, पंखे विकता येतात, फुटका टीव्हीसुद्धा भंगारवाला नेतो. किस्से मात्र कुणी नेत नाही! आमचं व्हिडिओ गेम पार्लर बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी चार दोस्त जमले की एक किस्सा निघतो आणि त्याच्यामागनं दुसरा. हसून हसून पोट दुखतं. शेवटचा एक मात्र मी आजवर दोस्तांत कधी सांगितला नव्हता.

*

पार्लर रंकाळ्याच्या बाजूला होतं. मी संजय, गल्ल्यावर. मिलिंद मशीनवर. शाळेपासूनचा दोस्त, डिप्लोमा झालेला, डोकं एकदम तेज. आधी आमच्याकडं टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम होते. दोन हजार सालानंतर ती खोकी एकेक करून मेली, तेव्हा मिलिंदनं सेकंडहँड कॉम्प्युटर आणले आणि त्यात एम्युलेटर टाकला. म्हणजे तेच जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. आता गेम जुने आणि जॉयपॅड नवे, त्यामुळं कुठल्या बटणानं काय होतं हे कुणाच्या बापाला कळत नव्हतं!

दिवसभर एकच हाकाटी. "मिलिंदा, उडी कुठं हाय?" "मिलिंदा, गोळी कशानं सुटती?"

वैतागून त्यानं एक युक्ती केली. गेम लावला की आधी दहा सेकंद पडद्यावर जॉयपॅडचं चित्र यायचं. माउसनं काढलेलं, अक्षर वेडंवाकडं, पण प्रत्येक बटणाला बाण आणि बाणापुढं आपली भाषा. "उडी." "हाण की!" "पळ लेका." गेम मधेच थांबवायच्या स्टार्टच्या बटणापुढं लिहिलेलं, "थांब, च्या पिऊन ये."

गिऱ्हाईक वाचायचं आणि खरंच चहा प्यायला जायचं. भाड्याचा वेळ आमचा चालूच!

*

बाबूमामा रिक्षावाले दुपारी भाडं नसलं की गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचे. पहिल्याच दिवशी जॉयपॅड खाली ठेवला.

"हॉर्न कुठं हाय?"

मिलिंद म्हणाला, "मामा, ह्या गाडीला हॉर्न न्हाय."

"बिनहॉर्नची गाडी? कोल्हापुरात?"

दुसऱ्या दिवशी चित्रात खाली एक ओळ वाढली होती : "हॉर्न तोंडानं वाजवावा." मामांनी वाजवला की हो! असा वाजवला, की आमच्या दारातनं चाललेल्या दोन म्हशी बाजूला झाल्या.

*

गडमुडशिंगीचे एक गुरुजी होते. अर्ध्या तासाचे पैसे भरले, खिशातनं वही काढली आणि म्हणाले, "ते चित्र जरा थांबवून ठेवा." वीस मिनिटं उतरवून घेत बसले, पट्टीनं रेघा मारून! मग वही मिटली.

"घरी पाठ करतो. उद्या खेळतो."

दुसऱ्या दिवशी आले, तर जॉयपॅड बिघडला म्हणून मिलिंदनं नवा लावलेला आणि सगळी बटणं बदललेली. गुरुजींनी चित्राकडं बघितलं, वहीकडं बघितलं.

"पेपर फुटला म्हणून बदलला काय रं?"

*

मलाही त्यानं सोडलं नाही. गल्ला सोडून मी जरा खेळायला बसलो की माझ्या पडद्यावर खास चित्र यायचं. सगळ्या बटणांना एकच बाण आणि पुढं लिहिलेलं : "मालक, मागं बघा, गिऱ्हाईक उभं हाय."

आणि मागं खरंच कुणीतरी उभं असायचं. कसं जमवायचा कुणास ठाऊक.

*

हुपरीचे आप्पा आले ते हसायला नव्हते आले. चांदीचे कारागीर. पैंजणाच्या कड्या चिमट्यात धरून जोडायचं त्यांचं काम, त्यात भट्टीवर उजव्या हाताचा अंगठा भाजला आणि कायमचा आखडला. चिमटा सुटला, कारखान्यातली जागा धाकट्या भावानं घेतली. दर मंगळवारी कोल्हापूरला डॉक्टरकडं यायचे आणि परतीच्या एसटीला वेळ असला की आमच्याकडं नुसते बघत बसायचे.

मिलिंद म्हणाला, "आप्पा, खेळा की."

"अंगठा चालत न्हाय बाबा."

"मग अंगठ्याचं काम बोटाला देऊ!"

त्यानं कुस्तीच्या गेमची सगळी मांडणी फिरवली. अंगठ्यानं दाबायची बटणं जॉयपॅडच्या वरच्या कडेला घेतली, जिथं बोटं आपोआप टेकतात. चित्रही वेगळं काढलं. अंगठ्यावर फुली आणि वरती ठळक अक्षरात, "अंगठ्याचं काम बोटाला."

पहिल्या मंगळवारी मिलिंदपुढं आप्पा दोन मिनिटांत चीत. चौथ्या मंगळवारी पाच मिनिटं टिकले. मग घरी चिमटासुद्धा दोन बोटांत धरून बघायला लागले. मिलिंदला म्हणाले, "ज्या दिवशी तुला पाडीन, त्या दिवशी भावाला सांगतो, ऊठ, माझी जागा दे."

आम्ही सगळे त्या मंगळवाराची वाट बघत होतो. मी पण.

*

तेवढ्यात मिलिंदला पुण्यात नोकरी लागली. जाताना म्हणाला, "संज्या, चित्रांना हात लावू नकोस."

मी लावला. गिऱ्हाईक कुरकुरतं, दहा सेकंद फुकट जातात, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तो सोडून गेला ह्याचा राग होता, आणि दिवसभर त्याचं ते वेडंवाकडं अक्षर डोळ्यासमोर यायचं ते सोसत नव्हतं. त्याचं आख्खं फोल्डर उडवलं.

मंगळवारी आप्पा आले. "मिलिंद न्हाय? बरं, मग तू बस." आम्ही बसलो. मागं पाच-सहा जण बघायला उभे.

"ते चित्र न्हाय आलं?"

"काढलंय आप्पा. बटणं तीच हायत."

आप्पांनी बोटं दाबली. त्यांचा पैलवान नुसता पुढं-मागं सरकला, डाव टाकेना. मी पाडला. पुन्हा दाबली, पुन्हा मी पाडला. मागची मंडळी हसायला लागली. तिसऱ्या डावाला माझ्या डोक्यात उजेड पडला. आप्पांची मांडणीसुद्धा त्याच फोल्डरात होती! ती गेली, बटणं पुन्हा अंगठ्याकडं आली, आणि आप्पा दाबत होते ती बटणं मेलेली होती.

एका वाक्याचं काम होतं. पण सगळ्यांसमोर कोण म्हणणार, की मला काय कळत नसताना मी मशीनची वाट लावली? मी म्हणालो, "हात दमला असंल आप्पा."

आप्पांनी बोटांकडं बघितलं. "व्हय. दमला असंल."

एसटीला अजून वेळ होता, तरी उठले. पुढच्या मंगळवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. मिलिंदचा पुण्याहून फोन आला, "आप्पा काय म्हणतात?" मी म्हणालो, "येत न्हाईत रे आता." हुपरी काय लांब आहे? पण गेलो नाही. भित्रा होतो, दुसरं काय.

*

पाच-सहा वर्षांनी गेलो. पार्लर तोवर बंद झालं होतं. पोरीला पैंजण घ्यायचे हे निमित्त. त्याच कारखान्याच्या दारात आप्पा बसले होते, तयार पैंजण कागदात गुंडाळत.

"या पावणं!" म्हणाले, मग नीट बघितलं. "आरं, संजय न्हवं तू?"

घरातनं चहा मागवला. मी विचारलं, "कामाला बसत न्हाई?"

"न्हाय बाबा. तुमच्याकडं शेवटचा आलतो बघ, त्या दिवशी कळलं. अंगठा तर गेलाच हुता, बोटं बी गेली. मग चिमटा भावालाच देऊन टाकला."

मी सगळं सांगितलं. फोल्डर, मांडणी, मेलेली बटणं, मागं हसणारी माणसं. मान वर करायची हिंमत नव्हती. शिवी घालतील असं वाटलं. घालावी असंच वाटत होतं.

आप्पांनी कप खाली ठेवला. उजवा हात डोळ्यासमोर धरला. चार बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"म्हंजे संजय," ते म्हणाले, "हात बरा हुता म्हण की."